मेणवलीचा वाडा आणि आपल्या शाळेची सहल
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं होतं, "दहा मिनिटं बोल, पण नोकरीतल्या यशाबद्दल बोलू नकोस, ते ऐकून लोक कंटाळलेत." मी म्हटलं, माझी काळजीच मिटली. पिंपरीच्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर असलेल्या माणसाकडं यशाबद्दल सांगायला दहा मिनिटांचा ऐवज नसतोच. मी आज एका सहलीबद्दल बोलणार आहे. घरच्यांना घेऊन एका जुन्या वाड्यात घालवलेल्या दिवसाबद्दल. दुपारच्या बैठकीत आपल्या निधीचं काय करायचं ते ठरणार आहे, त्याच्याशी या दिवसाचा संबंध आहे. तो शेवटी सांगतो.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, आमचं घर कोयत्याचं. दसरा झाला की मुकादम यायचा, उचलीचा हिशेब व्हायचा आणि दिवाळीच्या मागंपुढं टोळी निघायची. तिसरी ते सहावी अशी चार वर्षं मी आई-दादांबरोबर गेलो. वर्गात माझ्यासारखे किती तरी होते. दिवाळीनंतर बाकं कशी रिकामी व्हायची, ते इथं बसलेल्या सरांना आणि बाईंना माझ्यापेक्षा चांगलं आठवत असेल, कारण रिकाम्या बाकांसमोर शिकवायचं त्यांना होतं. सातवीला आजीनं मला गावात ठेवून घेतलं, म्हणून मी या शाळेत टिकलो आणि दहावी झालो.

त्या चार वर्षांतले दोन हंगाम आम्ही वाई तालुक्यात काढले. कृष्णेच्या काठी कोप्या होत्या. पहाटे आई-दादा फडात गेले की मी धाकट्या बहिणीला सांभाळायचो, पाणी आणायचो, वाढ्याच्या पेंढ्या बांधायचो. वाई म्हटलं की मला आजही उसाच्या पाल्याचा वास येतो आणि पहाटेची थंडी आठवते. वाई म्हणजे दक्षिण काशी, वाई म्हणजे घाट आणि देवळं, हे मला फार नंतर कळलं.

गेल्या फेब्रुवारीत आई पुण्याला आली होती, नात्यातल्या एका लग्नासाठी. तिच्याबरोबर माझा पुतण्याही होता. तो सहावीत आहे, गावाकडंच शिकतो. माझी लेक आठवीत, धाकटा तिसरीत. रविवार मोकळा होता. बायको म्हणाली, "मुलांना कुठंतरी घेऊन जाऊ, मॉल सोडून." मी म्हटलं, मेणवलीला जाऊ. नाना फडणवीसांचा वाडा आहे, नदी आहे, घाट आहे. आईला म्हटलं, "वाईजवळ आहे." आई एवढंच म्हणाली, "वाई व्हय? चल की."

पुण्याहून वाई नव्वदेक किलोमीटर. सातारा रस्त्यानं खंबाटकी घाट चढून उतरलं की सुरूर फाट्याला उजवीकडं वळायचं. वाईत आधी ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं. हे देऊळ सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. मूर्ती एवढी मोठी की धाकटा म्हणाला, "हा गणपती दारातून आत कसा आणला?" पुजारी आजोबा हसले. म्हणाले, "आधी गणपती, मग देऊळ, असं समज." इथल्या शिक्षकांसाठी आणखी एक सांगतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचं काम याच वाईत बसून चालवलं. आपल्या शाळेच्या कपाटात जे जाडजूड खंड होते, आणि ज्यांना हात लावायला सरांची परवानगी लागायची, ते या गावात तयार झाले.

वाईपासून मेणवली तीनेक किलोमीटर. हे गाव नानांना १७६८ साली मिळालं. औंधचे पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे मंत्री यांनी ते दिलं. नंतर नानांनी तिथं गाव वसवलं, कृष्णेवर घाट बांधला, मेणेश्वराचं आणि विष्णूचं अशी दोन देवळं बांधली आणि स्वतःसाठी वाडा बांधला. पुण्याच्या राजकारणातला माणूस, पण राहायला आवडेल असं घर त्यानं नदीकाठच्या खेड्यात बांधलं. वाडा आजही त्यांच्याच घराण्याकडं आहे. सांभाळणाऱ्या माणसाला विचारून आम्ही आत गेलो.

आता मुलांनी तिथं काय केलं ते सांगतो, कारण मला मुद्दा त्यातून सांगायचा आहे.

मोठा दरवाजा बंद, आणि त्यातली छोटी दिंडी उघडी. मोठ्या माणसाला वाकून जावं लागतं, पोरं सरळ जातात. माझ्या धाकट्याला याचा एवढा आनंद झाला की तो तीनदा आत-बाहेर करून आला. "पप्पा, तुम्हीच वाका!" म्हणाला. मी त्याला सांगितलं, शत्रू आला तरी त्याला असंच मान खाली घालून आत यावं लागेल, एकेकाला. मग त्यानं पुतण्याला शत्रू केलं.

आत एकामागून एक चौक. सहा चौकांचा वाडा आहे तो. लहान मुलाला घर कळतं ते धावून. या चौकातून त्या चौकात, ओसरीवरून खाली, खांबाच्या मागं. आम्ही त्यांना एकच सांगितलं होतं, जिन्यावर धावायचं नाही आणि चित्रांना हात लावायचा नाही. बाकी त्यांचा दंगा चालू होता आणि सांभाळणारा माणूस रागावला नाही. तो म्हणाला, "घर आहे हो, पोरं धावली तर घराला बरं वाटतं."

भिंती किती जाड असाव्यात? धाकट्यानं एका खिडकीच्या कोनाड्यात उभं राहून दोन्ही हात पसरून मोजायचा प्रयत्न केला. फेब्रुवारीचं ऊन बाहेर चांगलंच तापलं होतं आणि आत गार. लेकीनं विचारलं, "एसी नसताना एवढं गार कसं?" आईनं उत्तर दिलं. म्हणाली, "आपलं गावचं माळवदाचं घर असंच व्हतं की. जाड भिंत उनाला लवकर आत येऊ देत न्हाई. तुझ्या आज्यानं ते पाडलं आन् पत्रे टाकले, तव्हापासून उन्हाळ्यात घरात बसवत न्हाई." पुस्तकात उष्णतावहनाचा धडा असतो, तो मुलांना त्या भिंतीला पाठ लावून दोन मिनिटांत कळला.

भिंतींवर देवादिकांची जुनी चित्रं आहेत. काही उडालेली, काही अजून रंग धरून. लेक तिथं बराच वेळ उभी राहिली. मग मी मुलांना नानांबद्दल सांगितलं. बारभाईंचं कारस्थान, सालबाईचा तह, हे मी नाही सांगितलं. तिसरीतल्या मुलाला त्याचं काय? मी पानिपताचं सांगितलं. नानांचा जन्म १७४२ चा. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं तेव्हा ते अजून एकोणीस वर्षांचेही नव्हते. तीर्थयात्रा घडेल म्हणून आई बरोबर आली होती. त्या पळापळीत नाना जीव वाचवून परतले, पण आई राहिली. ही हकीकत नानांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पुढं हाच मुलगा मराठी राज्याचा कारभारी झाला. १८०० साली तो गेला तोवर मोठमोठे सरदार त्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकायला कचरत.

हे ऐकल्यावर धाकट्यानं आजीचा हात धरला. तो काही बोलला नाही. नानांचा पलंग पाहताना त्यानं विचारलं, "त्यांना झोप लागायची का?" हा प्रश्न मला चौथीच्या पुस्तकापासून आजपर्यंत कधी सुचला नव्हता.

लेकीचा प्रश्न वेगळा. "फडणवीस हे आडनाव आहे की काम?" मी सांगितलं, आधी काम. फड म्हणजे सरकारी कचेरी, नवीस म्हणजे लिहिणारा. राज्याचा जमाखर्च लिहिणारा तो फडणवीस. नानांचं मूळ आडनाव भानू. आई ऐकत होती. ती म्हणाली, "फडाचा हिशेब लिवणारा? म्हंजे मुकादमच की!" आम्ही सगळे हसलो. आई हसली नाही. तिनं विचारलं, "आन् हिशेब सरळ लिवायचा का?" मी म्हटलं, "नानांचा हिशेबाचा दरारा होता, असं म्हणतात." आई म्हणाली, "मग मोठाच मानूस." तिच्या दृष्टीनं याहून मोठी पावती नाही. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यानं लिहिलेल्या वहीवर अंगठा दिला, त्याला विचारा.

नानांच्या संग्रहातले कागद इतिहासाच्या अभ्यासकांत 'मेणवली दप्तर' म्हणून प्रसिद्ध आहेत. रावबहादूर पारसनीसांसारख्या संशोधकांनी ते बाहेर आणले. ते सगळं मोडी लिपीत. लेकीला मोडी माहीत नव्हती. मी खिशातली डायरी काढली आणि मोडीत 'वडवणी' लिहून दाखवलं. मला मोडीत तेवढंच येतं. आमच्या इतिहासाच्या सरांनी एकदा फळ्यावर लिहून दाखवलं होतं, हात न उचलता कसं लिहायचं ते. सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगतो, त्या दिवशीचा तुमचा तास मेणवलीत कामाला आला. लेकीनं ते पान फाडून घेतलं आणि आता ते तिच्या टेबलावर चिकटवलेलं आहे.

दुपारी आम्ही घाटावर आलो. घाट चंद्रकोरीसारखा वळलेला आहे, पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. 'स्वदेस' चित्रपटाचं चित्रीकरण इथं झालंय, हे लेकीनं आधीच शोधून ठेवलं होतं, त्यामुळं फोटोंची घाई. देवळाजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ साल आहे आणि मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिकडच्या चर्चच्या घंटा मराठे घेऊन आले आणि ठिकठिकाणच्या देवळांत बांधल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली तर प्रसिद्धच आहे. पुतण्यानं विचारलं, "काका, मग ही घंटा आता कुणाची?" मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" तो विचार करून म्हणाला, "जो वाजवील त्याची." वाजवायची नव्हती, म्हणून त्यानं नुसतं बोट टेकवलं.

पायऱ्यांवर सावली बघून बसलो. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदा. मुलांचे पाय पाण्यात. समोरच्या बाजूला ऊस दिसत होता. आई बराच वेळ तिकडं बघत होती. मग तिनं मुलांना सांगायला सुरुवात केली. कोपी कशी बांधायची, पहाटे किती वाजता उठायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये कसं चढायचं, पाय घसरला तर काय होतं. तुझा बाप तुझ्या आत्याला झोळीत टाकून कसा हलवायचा. माझ्या मुलांनी हे आधी कधी ऐकलं नव्हतं. मी पुण्यात त्यांना सांगितलंही असतं, पण कुठं बसून सांगणार? त्या गोष्टीला ती नदी लागत होती.

लेक म्हणाली, "आजी, म्हणजे तुम्ही इथंच राहत होता? मग हा वाडा तेव्हा का नाही बघितला?"

आई म्हणाली, "बगायला सुट्टी लागती, बाई."

यात तक्रार नव्हती. भाकरी मोडता मोडता बोलली ती. पण मित्रांनो, मी तेव्हापासून या एका वाक्यावर विचार करतोय. वाडा तीन-चार मैलांवर होता. कुणी आम्हाला अडवलं नव्हतं. पण बघायला जाणं ही गोष्टच आमच्या दिवसात बसत नव्हती.

पुतण्या त्यावर बोलला. तो कमी बोलतो. म्हणाला, "काका, आमच्या शाळेची सहल जानेवारीत गेली. आमच्या वर्गातले अर्धे नव्हते. ते ऊसतोडीला गेलेले. दरवर्षी असंच होतं."

आता तुम्ही विचार करा. सहल कधी निघते? डिसेंबर-जानेवारीत. का? थंडी असते, पाऊस नसतो, सहामाही झालेली असते, वार्षिक लांब असते. सगळी कारणं बरोबर आहेत. सगळ्या महाराष्ट्राच्या शाळांची सहल याच दिवसांत निघते. पण आपल्या बीड जिल्ह्यात, वडवणी-धारूर-केज-पाटोद्याच्या बाजूला, नेमकी याच दिवसांत मुलं गावात नसतात. म्हणजे जी मुलं निम्मा महाराष्ट्र पायाखाली घालतात, कोल्हापूर-सांगली-साताऱ्यापासून कर्नाटकापर्यंत जातात, तीच मुलं शाळेच्या सहलीत कधी नसतात. त्यांनी कृष्णा बघितलेली असते, पंचगंगा बघितलेली असते, पण पाणी भरण्यापुरती. मी चौथीत असताना आपल्या शाळेची सहल गेली होती. मला ती कुठं गेली तेसुद्धा आठवत नाही, कारण मी तेव्हा वाईजवळ होतो.

परत येताना वाईबाहेर रस्त्याच्या कडेला कोप्या दिसल्या. आईनं गाडी थांबवायला लावली. एक बाई चूल पेटवत होती. आईनं विचारलं, "कुठलं गाव, बाई?" ती म्हणाली, "धारूर तालुका." दोघींचं बोलणं सुरू झालं, मूळ गाव, सोयरीक, यंदाचा भाव. आमच्या पोरांनी तिथल्या दोन पोरांशी उरलेले लाडू वाटून खाल्ले. त्यातला एक तिसरीतला होता, माझ्या धाकट्याएवढा. धाकट्यानं त्याला दिंडीतून शत्रू कसा येतो ते हातवारे करून सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. त्यानं विचारलं, "कुठंय ते?" धाकट्यानं मागं बोट केलं.

एवढीच आमची सहल. आता दुपारच्या बैठकीकडं येतो.

निधीतून शाळेला कमान बांधावी, वर आपल्या बॅचचं नाव घालावं, अशी सूचना आहे. कमानीला माझा विरोध नाही. पण त्याआधी माझी एक सूचना नोंदवून घ्या. दरवर्षी एक सहल. पाचवी ते सातवीच्या सगळ्या मुलांची. आणि ती सप्टेंबरमध्ये, टोळ्या निघायच्या आधी. पोळा, गणपती झाले की घटस्थापनेच्या अगोदर एक दिवस निघतो. पाऊस येईल म्हणाल, तर येऊ दे. आपल्याकडं परतीच्या पावसानं सहल भिजली तर पोरं आणखी खूश होतील. हवं तर एक राखीव तारीख ठेवू.

जागा कोणती निवडायची, त्याबद्दल मेणवलीत मला चार गोष्टी कळल्या. पहिली, जिथं मुलांना धावता येईल अशी जागा हवी. काचेच्या पेट्यांसमोरून रांगेनं नेलं तर मुलाला फक्त पुढच्याची पाठ दिसते. दुसरी, सावली, प्यायचं पाणी आणि मुलींसाठी स्वच्छतागृह. हे आधी कुणीतरी जाऊन बघून यायचं, फोनवर विश्वास ठेवायचा नाही. तिसरी, सांगणारा माणूस. सनावळ्या नकोत, एक गोष्ट सांगणारा हवा, आणि मुलांच्या प्रश्नांना वेळ देणारा. असे शिक्षक या शाळेत होते आणि आहेत. चौथी, शक्य झालं तर एक-दोन आज्या बरोबर न्याव्यात. जातं, उखळ, कोनाडा, देवळी, माळवद, हे दाखवायला आजीसारखा गाईड नाही.

मेणवली वडवणीहून फार लांब आहे, एका दिवसात होणार नाही. पण आपल्या जवळ काय कमी आहे? शेजारच्याच तालुक्यात धारूरचा किल्ला आहे, सोळाव्या शतकातला, आदिलशाहीत किश्वरखानानं बांधलेला. खंदक, बुरूज, आणि धावायला हवी तेवढी जागा. आपल्यातल्या कितीजणांनी तो आतून बघितलाय? हात वर करू नका, मला अंदाज आहे.

दुसरी जागा चौंडी. बीडवरून जामखेडकडं गेलं की त्या तालुक्यात चौंडी आहे. सकाळी लवकर निघालं तर संध्याकाळी परत. ३१ मे १७२५ ला अहिल्यादेवी होळकर तिथं जन्मल्या. २०२५ साली त्याला तीनशे वर्षं झाली. त्यांच्या माहेरचं, माणकोजी शिंद्यांचं ते गाव. तिथं त्यांचं स्मारक आहे. एका खेड्यातल्या पाटलानं त्या काळात मुलीला लिहायला-वाचायला शिकवलं आणि ती पुढं होळकरांचा कारभार तीस वर्षाच्या आसपास चालवते, ही गोष्ट आपल्या मुलींनी त्या जागी उभं राहून ऐकावी. आपल्या भागात तोडीला जायच्या आधी मुलीचं लग्न उरकून टाकतात, कोयता पूर्ण होतो म्हणून. सातवीतल्या मुलीला चौंडीला नेलं म्हणून ते थांबेल, असं मी म्हणत नाही. पण तिच्या डोक्यात दुसरी एक गोष्ट तरी असेल.

आणि तिसरी जागा आपल्या गावोगावच्या गढ्या. पांढऱ्या मातीचे ते ढिगारे. आपण लहानपणी तिथली माती माळवदावर टाकायला आणायचो, कारण ती पाणी धरत नाही. मेणवलीहून आल्यावर पुतण्यानं गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून आमच्या गढीचा नकाशा काढलाय. दरवाजा कुठं होता, विहीर कुठं होती, जातं कुठं होतं. बरोबर किती आणि चूक किती, ते सरांनी तपासावं. पण तो नकाशा एका सहावीतल्या मुलानं काढलाय, कुणी गृहपाठ दिलेला नसताना.

खर्चाचं म्हणाल, तर एसटी शालेय सहलींना भाड्यात निम्मी सवलत देते. उरलेलं भाडं आणि जेवण आपण घालायचं. शिक्षण विभागाची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, प्रथमोपचाराची पेटी, मुलींबरोबर शिक्षिका, हे सगळं नियमानं होईल, ते शाळा बघेल. आपण पैसे आणि माणसं द्यायची. आपल्या बॅचमधले चौघे-पाचजण अजून गावातच आहेत, त्यांनी एक-एक वर्ष वाटून घेतलं तरी पुरे. ज्यांची मुलं हंगामी वसतिगृहात राहतात त्यांनाही हा दिवस मिळेल, आणि जी आई-बापांबरोबर जातात त्यांनाही. एकच अट घालायची, पैशांअभावी एकही मूल मागं राहता कामा नये, आणि कुणाचे पैसे कुणी भरले हे वर्गात कळता कामा नये. आमच्या वेळी परीक्षेच्या फीबाबत एका बाईंनी हे पाळलं होतं. त्या आज इथं आहेत. त्यांचं नाव घेतलं तर रागावतील, म्हणून घेत नाही.

पहिल्या वर्षीच्या धारूरच्या सहलीचं मुलांचं जेवण माझ्याकडून. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, आणि पोरांना आवडतात म्हणून लाडू. करायला आई येणार आहे. तिनं मला बजावून सांगितलंय, "मी नुसती भाकरी थापाया येनार न्हाई, मला किल्ला बगायचाय."

चहाच्या वेळी एक वही फिरेल. तिच्यात नाव आणि रक्कम लिहा. हिशेब सरळ लिहिला जाईल, ही जबाबदारी माझी.